३ ऑगस्ट १३४७ : दौलताबादेत त्या शुक्रवारी काय झालं आणि जगात तेव्हा काय चाललं होतं

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

३ ऑगस्ट १३४७, शुक्रवार. दौलताबादेत एका सरदाराच्या नावाने खुतबा वाचला गेला आणि दख्खन दिल्लीपासून तुटलं. त्या सरदाराचं नाव हसन, पदवी जफरखान. गादीवर बसताना त्याने अलाउद्दीन बहमनशाह हे नाव घेतलं. आपण शाळेत ‘बहमनी राज्य’ म्हणून एका परिच्छेदात जे उरकतो, ते राज्य आपल्यापासून पंधरा किलोमीटरच्या आत जन्माला आलं. छावणीतून पडेगाव, मिटमिटा, शरणापूर करत गेलं की अर्ध्या तासात तिथे पोचतो. जुने ग्रंथ सांगतात की हा समारंभ कुतुबुद्दीन मुबारक खिलजीने बांधलेल्या मशिदीत झाला. मंदिरांचे खांब वापरून उभी केलेली ती वास्तू आज आपण भारतमाता मंदिर म्हणून ओळखतो.

आता त्याच तारखेला जगाच्या दुसऱ्या टोकाला काय झालं ते बघा. फ्रान्सच्या किनाऱ्यावरचं कॅले नावाचं बंदर अकरा महिन्यांच्या वेढ्यानंतर उपाशी पोटी इंग्लंडच्या राजाला शरण गेलं. तारीख तीच, ३ ऑगस्ट १३४७.

दौलताबादेतल्या कोणाला कॅले माहीत नव्हतं आणि कॅलेतल्या कोणाला दौलताबाद. हा योगायोग आहे, त्यातून कसलंही गूढ काढायचं नाही. पण मला हे वर्ष अनेक दिवस सोडत नाहीये. युरोपच्या इतिहासात हाच काळ प्रबोधनाची पहाट म्हणून शिकवतात आणि आपल्याकडे हाच काळ ‘वेडा महंमद’ या एका शब्दात संपवतात. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की चित्र वेगळं दिसतं.

आधी आपल्या किल्ल्याची गोष्ट.

१३२७ च्या सुमारास महंमद बिन तुघलकाने देवगिरीला दौलताबाद नाव देऊन राजधानी केलं. कारण अगदीच वेडेपणाचं नव्हतं. दिल्लीतून दक्षिण सांभाळणं अवघड होतं आणि देवगिरी राज्याच्या मध्यावर येत होती. दिल्ली साफ ओस पाडली ही कथाही आज बरेच इतिहासकार जशीच्या तशी मानत नाहीत. हलवले गेले ते मुख्यतः सरदार, अधिकारी, उलेमा, सूफी आणि त्यांचे कुटुंबकबिले. रस्ता चाळीस दिवसांचा. वाटेवर सावलीसाठी झाडं लावली होती, मुक्कामाच्या सोयी होत्या. कागदावर योजना उत्तम होती.

फक्त ज्यांना हलवायचं त्यांना कोणी विचारलं नाही.

त्या लोंढ्यात इसामी नावाचा सोळा वर्षांचा एक पोरगा होता. सोबत नव्वदीचे आजोबा. म्हाताऱ्याला घरातून उठवून वाटेला लावलं. दिल्लीबाहेर तिलपतला, म्हणजे प्रवास धड सुरू होण्याआधीच, आजोबांनी प्राण सोडला. पोरगा पुढे दौलताबादेत आला, इथेच राहिला, इथेच मोठा झाला. हे नाव लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

काही वर्षांत योजना फसली. तांब्या-पितळेच्या नाण्यांचा प्रयोग फसला. १३३५ च्या आसपास तेलंगणात सुलतानाच्या फौजेत साथ पसरली, माणसं पटापट मेली, सुलतान स्वतः आजारी पडून परत फिरला. याच परतीच्या वाटेवर बीडजवळ त्याचा एक दात पडला आणि तो पुरून त्यावर घुमट बांधला, असं सांगतात. बीडकर मंडळींना हे माहीत असेल. दिल्लीकरांना परत जायची परवानगी मिळाली, पण अनेक कुटुंबं इथेच रुजली होती. खुलताबादच्या दर्ग्यांमध्ये त्या पिढीची माणसं आजही आपल्या शेजारी आहेत. कागजीपुऱ्याचे कागद करणारे कारागीरही तुघलकाबरोबरच आले, असं तिथले लोक सांगतात.

१३४२ च्या सुमारास इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी इथे येऊन गेला. त्याने लिहिलंय की हे शहर तीन भागांत आहे : एक दौलताबाद, जिथे सुलतान आणि त्याची फौज राहते, दुसरा भाग ‘कटक’ आणि तिसरा वरचा देवगिरी किल्ला. कटक म्हणजे काय? सैन्याचा तळ. म्हणजे छावणी! खाम नदीकाठी इंग्रजांनी तंबू ठोकण्याच्या कितीतरी शतकं आधी या परिसरात एक छावणी होती आणि तिची नोंद अरबी पुस्तकात आहे. द्राक्षं, डाळिंबं, जवाहिरांचे व्यापारी, गाणारणींचा बाजार, सगळं त्याने टिपलंय. आणि किल्ल्यातल्या अंधारकोठडीतले उंदीरही. मांजराहून मोठे उंदीर, मांजरं त्यांना घाबरून पळायची, असं तो लिहितो. त्या कोठडीत राहून आलेल्या एका कैद्याने त्याला सांगितलं की रात्रभर उंदरांशी झगडावं लागायचं आणि शेजारच्या कैद्याला त्यांनी खाल्लं.

तेव्हा इथला सुभेदार होता कुतलुघखान. माणूस चांगला. शिस्तीचा, पण रयतेत आणि सरदारांत त्याच्याविषयी भरवसा होता. वसुली कमी पडते अशा तक्रारी दिल्लीला गेल्या आणि सुलतानाने त्याला परत बोलावलं. बरनी हा दिल्लीचा इतिहासकार, सुलतानाच्या पदरी असलेला माणूस. तो लिहितो की कुतलुघखान गेला तेव्हा देवगिरीचे लोक हळहळले. त्याने जमवलेला खजिना वाटेच्या धोक्यामुळे दिल्लीला पाठवता आला नव्हता, तो वरच्या बालेकिल्ल्यातच राहिला. हा खजिना पुढे महत्त्वाचा ठरला.

मग वसुलीसाठी कडक माणसं आली. शेजारच्या माळव्यात, धारला, अझीझ खुम्मार नावाच्या अधिकाऱ्याने ऐंशीहून जास्त ‘अमीरान-ए-सदा’ पकडून एकाच वेळी मारले. हे अमीर म्हणजे साधारण शंभर गावांची वसुली आणि बंदोबस्त बघणारे मधल्या फळीतले सरदार. सुलतानाने अझीझला शिक्षा न करता मानाचा पोशाख पाठवला. मग गुजरातेतले अमीर उठले. त्या पाठोपाठ दौलताबादच्या अमीरांना हुकूम आला : भरुचला हजर व्हा.

धारला काय झालं हे सगळ्यांना माहीत होतं. वाटेतल्या घाटात त्यांनी बरोबरच्या सरकारी माणसांना कापलं आणि घोडे मागे वळवले. दौलताबाद ताब्यात घेतलं, तो न पाठवलेला खजिना आपसांत वाटला आणि इस्माईल मुख नावाच्या वयस्क अफगाण सरदाराला सुलतान केलं.

महंमद तुघलक स्वतः फौज घेऊन आला. लढाई त्याने जिंकली. इस्माईल बालेकिल्ल्यात अडकला, हसन आणि बाकीचे निसटून गेले. वेढा पडला. किल्ला हाती येणार असं वाटत असतानाच गुजरातेत तगी नावाच्या माणसाने बंड केल्याची खबर आली आणि सुलतान वेढा सरदारांवर सोपवून निघून गेला. बरनी नेमका त्या सुमारास देवगिरी जिंकल्याबद्दलचे अभिनंदनाचे निरोप घेऊन दिल्लीहून त्याच्यापाशी पोचला. अभिनंदन पोचलं तेव्हा देवगिरी हातातून निसटायला लागली होती!

त्या प्रवासात सुलतान बरनीशी बोलला. आशय असा : माझ्या राज्याला रोग जडलाय आणि कुठलंच औषध लागू पडत नाही. डोकेदुखी बरी करावी तर ताप चढतो, ताप उतरवावा तर तिसरंच काही उद्भवतं. बरनीने अदबीने सुचवलं की पूर्वीच्या राजांवर अशी वेळ आली तेव्हा काहींनी गादी सोडली, काहींनी कारभार दुसऱ्यावर सोपवला. सुलतानाचं उत्तर होतं की माझ्याकडे बंडावर इलाज एकच, तलवार.

इकडे हसनने बीदरच्या बाजूला दिल्लीच्या फौजेचा पराभव केला. त्याला मदत आली वरंगळच्या कापय नायकाकडून. म्हणजे एक हिंदू राजा एका मुसलमान सरदाराला दुसऱ्या मुसलमान सुलतानाविरुद्ध मदत करत होता. थोड्याच वर्षांत हेच दोघे एकमेकांशी लढले, तेही सांगायला हवं. हसन दौलताबादला येतोय हे कळताच वेढा उठला. म्हाताऱ्या इस्माईलने गादी सोडली आणि तो शुक्रवार उजाडला. थोड्याच काळात राजधानी गुलबर्ग्याला गेली. महंमद तुघलक परत कधी दख्खनला आला नाही. १३५१ मध्ये सिंधमध्ये ठट्ट्याजवळ तो वारला.

आता जरा किल्ल्याच्या माथ्यावरून लांब बघू. त्याच वर्षी बाकीचे राजे काय करत होते?

कॅले जिंकणारा इंग्लंडचा तिसरा एडवर्ड युद्ध चालवत होता ते कर्जावर. हे कर्ज दिलं होतं इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या सावकारी पेढ्यांनी, पेरुझ्झी आणि बार्दी. राजाने पैसे बुडवले. पेढ्या बुडायला हे एकच कारण नव्हतं, पण मोठं होतं. १३४३ मध्ये पेरुझ्झी बसली, १३४६ मध्ये बार्दी. फ्लॉरेन्समधली हजारो घरं त्यात पोळली आणि १३४७ मध्ये तिथे भाकरीची टंचाई होती. म्हणजे प्रबोधनाचं माहेरघर म्हणतात ते शहर त्या वर्षी दिवाळखोर आणि उपाशी होतं.

कॉन्स्टँटिनोपलला मे १३४७ मध्ये सहाव्या जॉनचा राज्याभिषेक झाला. सहा वर्षांच्या यादवीनंतर खजिना रिकामा. राजमुकुटाचे खरे हिरे-माणकं व्हेनिसकडे गहाण पडलेले. अभिषेकाला वापरलेली रत्नं काचेची होती आणि मेजवानीची भांडी मातीची आणि कथलाची. रोमन साम्राज्याचा वारसा सांगणारा दरबार!

आणि खुद्द रोममध्ये मे महिन्यातच खाणावळवाल्याचा एक मुलगा सत्तेवर आला. नाव कोला दि रिएन्झो. पेशाने कागदपत्रं लिहिणारा, नाद मात्र जुन्या रोमन शिलालेखांचा. दांडग्या सरदार घराण्यांना शहराबाहेर हाकलून त्याने प्राचीन रोमचं प्रजासत्ताक परत आणल्याची घोषणा केली. पेत्रार्क हा त्या काळातला सर्वांत मोठा कवी, त्याला तर आनंदाचं भरतं आलं. त्याने कोलाला पत्रांवर पत्रं लिहिली. पण सहा-सात महिन्यांत कोलाच्या डोक्यात हवा गेली. पदव्या, मिरवणुका, मुकुट, नवे कर. डिसेंबरात त्याला पळून जावं लागलं. जुनं वैभव परत आणतो म्हणणाऱ्या नेत्याची ही गोष्ट पावणेसातशे वर्षं जुनी आहे, पण ओळखीची वाटते ना?

चीनमध्ये मंगोल घराण्याची सत्ता खिळखिळी होत होती. १३४४ मध्ये पीत नदीने बांध फोडले, दुष्काळ आणि साथी आल्या. आई-बाप गमावलेला एक शेतकऱ्याचा पोर त्या वर्षांत भिक्षा मागत हिंडत होता. १३६८ मध्ये तोच मिंग घराण्याचा पहिला सम्राट झाला.

आपल्याच बाजूला बघा. बंगाल १३३८ मध्ये दिल्लीपासून फुटलं होतं, मदुरा त्याआधी. विजयनगरच्या भावांनी १३४६ मध्ये शृंगेरीला विजयोत्सव साजरा केला होता. म्हणजे दौलताबादचं बंड एकटं नव्हतं. पैसा संपलेली, लांबून हुकूम सोडणारी केंद्रं जगात अनेक ठिकाणी एकाच काळात कच खात होती.

आणि या सगळ्यांवर वरचढ ठरणारा पाहुणा त्याच वर्षी जहाजातून निघाला.

मध्य आशियातल्या इस्सिक-कुल सरोवराजवळच्या १३३८-३९ च्या कबरींमधल्या सांगाड्यांत प्लेगच्या जंतूंचे अंश सापडलेत. तिथून व्यापाराच्या वाटेने तो काळ्या समुद्रापर्यंत आला. १३४७ मध्ये कॉन्स्टँटिनोपल, त्या वर्षीच्या शरदात अलेक्झांड्रिया, ऑक्टोबरात सिसिलीतलं मेसिना, नोव्हेंबरपर्यंत मार्सेय. पुढच्या चार-पाच वर्षांत युरोपातली किमान एक तृतीयांश माणसं मेली, काही अंदाजांनी निम्मी. त्या लाटेने दख्खन गाठल्याचा ठोस पुरावा नाही.

आपले उंदीर बघून गेलेला इब्न बतूता १३४७ च्या सुरुवातीला मलबारच्या किनाऱ्यावर होता. तिथून जहाजाने तो अरबस्तानात उतरला आणि १३४८ मध्ये दमास्कसला पोचला तो थेट साथीच्या तडाख्यात. त्याने लिहिलेला एक प्रसंग मला फार मोठा वाटतो. तीन दिवसांच्या उपवासानंतर सगळं शहर अनवाणी रस्त्यावर आलं. मुसलमान कुराण घेऊन, ज्यू तोरा घेऊन, ख्रिस्ती बायबल घेऊन, बायका-पोरांसह रडत एकत्र चालले. त्याच काळात युरोपात अनेक ठिकाणी विहिरीत विष टाकल्याच्या अफवेवरून ज्यूंना जिवंत जाळलं गेलं. रोग एकच होता. कोणाकडे बोट दाखवायचं, की कोणाबरोबर चालायचं, हे त्या त्या शहराने ठरवलं. २०२० च्या उन्हाळ्यात आपणही हा पेपर दिलाय. किती मार्क पडले, ते ज्याने त्याने मनाशी बघावं.

मग प्रबोधन आलं कुठून? या पडझडीतूनच. मजूर कमी झाल्यामुळे पश्चिम युरोपात मजुरीचे दर चढले, जुनी बंधनं सैल झाली. बोकाचिओने फ्लॉरेन्समधला प्लेग बघितला आणि ‘डेकामेरॉन’ लिहिलं, तेही लॅटिनमध्ये नाही, लोकांच्या इटालियन बोलीत.

इथे आपण छाती थोडी पुढे काढायला हरकत नाही. लोकांच्या भाषेत मोठा ग्रंथ लिहिण्याचं काम आपल्याकडे १२९० मध्येच झालं होतं. ज्ञानेश्वरी नेवाशाला सांगितली गेली, छावणीतून दीड तासाच्या अंतरावर. दान्तेने आपलं महाकाव्य हाती घेतलं ते त्यानंतर. परंपरेप्रमाणे संत नामदेवांचा समाधिकाल १३५० धरतात, म्हणजे दौलताबादेत तलवारी चालल्या त्या वर्षी ते हयात होते, सत्त्याहत्तर वर्षांचे. मंगळवेढ्याला वेस बांधताना ती कोसळून चोखोबा गेले त्याला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. दिल्ली की दौलताबाद हा वाद वर चालला होता, तेव्हा खाली शिंपी, महार, माळी अभंग म्हणत होते. राजधान्या बदलल्या, अभंग राहिले.

आणि तो पोरगा, इसामी? त्याने १३५० मध्ये ‘फुतूह-उस-सलातीन’ हा फारसी काव्यग्रंथ पुरा केला आणि नव्या बहमनी सुलतानाला अर्पण केला. त्यात महंमद तुघलकावर त्याने जी आग ओकली आहे, तिच्यामागे तिलपतला सोडलेले आजोबा आहेत. सुलतानाच्या हुकूमनाम्यांपेक्षा आज लोक इसामीचं पुस्तक जास्त वाचतात. ते पक्षपाती आहे, हेही खरं. हाकलल्या गेलेल्या माणसाचा हिशोब पक्षपातीच असणार.

आता थोडं आजचं.

बहमनी राज्य म्हणजे रयतेचं राज्य होतं असं मी म्हणत नाही. अमीरांनी बंड केलं ते स्वतःच्या जिवासाठी आणि वसुलीसाठी. नांगर धरणाऱ्याला हसननेही विचारलं नव्हतं. इस्माईल मुखने गादी सोडली, तरी पुढे कटाच्या आरोपावरून त्याला मारलंच. पण त्या राज्यातून पुढे निजामशाही निघाली, निजामशाहीत मलिक अंबर आणि शहाजीराजे घडले, मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली, आणि खडकीचं आजचं शहर झालं. आपल्या पत्त्याची एक मुळी त्या शुक्रवारपर्यंत जाते.

आपण मात्र किल्ल्याविषयी भांडतो ते एकाच प्रश्नावर : हा कोणाचा? यादवांचा, खिलजीचा, तुघलकाचा, निजामाचा? १३४७ ची फाईल उघडली तर दुसरा प्रश्न समोर येतो : निर्णय घेताना कोणाला विचारलं होतं? महंमद तुघलक हुशार होता, विद्वान होता, मेहनती होता. त्याच्याकडे एक गोष्ट नव्हती, ‘नाही’ म्हणू शकणारा माणूस. जो एक भरवशाचा सुभेदार होता, त्यालाच त्याने वसुलीच्या आकड्यांवरून हलवलं. काही वर्षांतच सुभा गेला.

छावणीत राहणाऱ्यांना हा प्रश्न लांबचा वाटू नये. आपली वस्ती जन्माला आली तीच दूरच्या सरकारच्या फौजेसाठी. आजही आपला नागरी भाग छावणी परिषदेकडे राहणार की महापालिकेत जाणार, याची चर्चा अधूनमधून उठते. माझं मत कुठल्याही बाजूने असो, ते इथे महत्त्वाचं नाही. पाणी, घरपट्टी, बांधकाम परवाने, दवाखाना, शाळा यांचं पुढे काय होणार हे इथल्या घराघरांत आधी सांगितलं गेलं पाहिजे, ऐकून घेतलं गेलं पाहिजे आणि मग निर्णय झाला पाहिजे. कागदावर उत्तम असलेल्या योजना कशा फसतात, याचं जगातलं एक मोठं उदाहरण आपल्या घराच्या गच्चीवरून दिसतं.

पोरांना किल्ल्यावर नेता तेव्हा अंधारी दाखवता, मेंढा तोफ दाखवता, चांद मिनारजवळ फोटो काढता. पुढच्या वेळी त्यांना ही तारीखही सांगा. आणि छावणीच्या विषयावर तुमच्या गल्लीत कोणी येऊन विचारलंय का, ते खाली लिहा. ज्यांच्याकडे जुने कागद, घरपट्टीच्या पावत्या, आजोबांनी सांगितलेल्या आठवणी असतील त्यांनीही लिहा. आपली नोंद आपणच ठेवायची आहे.